काट्याच्या संगणकाची खिडकी



गेल्या गळीत हंगामात एका पहाटे आपल्या कारखान्याचा वजनकाटा जवळजवळ तीन तास हाताने लिहिलेल्या पावत्यांवर चालला, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. काटा बंद नव्हता. काट्यावरचे आकडे बरोबर दिसत होते. पण काट्यावरचा आकडा ज्या संगणकात जाऊन आपल्या नावावर चढतो, तो संगणक ऐकून घ्यायला तयार नव्हता. यार्डातली गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, बैलगाडीवाल्यांनी बैल सोडून दिले, आणि पुढे पंधरवड्याचे बिल हातात आल्यावर दोन सभासदांच्या खेपा एकमेकांच्या नावावर पडल्याचे निघाले. ती चूक दुरुस्त झाली, ज्याचे कमी पडले होते त्याला फरकही मिळाला. पण वार्षिक सभेत एका जुन्या सभासदाने उभे राहून जे विचारले ते आमच्या मनात राहून गेले. ते म्हणाले, "काटा खरा आहे, ते मान्य. पण काट्यापासनं बिलापर्यंत माझा ऊस कुठल्या वाटेनं जातो, ते आम्हाला कुणी सांगणार का नाही?"

प्रश्न रास्त आहे. सभेत त्याचे उत्तर 'तांत्रिक बिघाड' एवढ्या दोन शब्दांत दिले गेले, आणि ते उत्तर आम्हांला स्वतःलाही पटलेले नव्हते. बिघाड यंत्राचा नव्हताच. बिघाड निवडीचा होता. एक नंबर चुकीचा निवडला गेला होता आणि दोन हंगाम कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्या नंबराला पोर्ट म्हणतात. तो काय असतो, कसा निवडतात, आपला कसा चुकला आणि आता काय केले आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

पोर्ट म्हटले की बंदर डोळ्यांपुढे येते. साखर जेथून बोटीत चढते ते बंदर येथे अभिप्रेत नाही. आपल्या मुख्य कार्यालयाचेच उदाहरण घ्या. कार्यालयाचा पत्ता एकच आहे, पण आत गेलात की खिडक्या वेगवेगळ्या. शेअर्सचे काम एका खिडकीवर, ऊस बिलाचे दुसरीवर, डिझेल कुपनाचे तिसरीवर. नुसत्या पत्त्यावर आलेला माणूस व्हरांड्यात उभा राहील. कोणत्या खिडकीवर जायचे हे ठाऊक असले तरच त्याचे काम होणार. संगणकाचेही तसेच आहे. संगणक विभागात जे मोठे मशीन आहे, ज्याला सर्व्हर म्हणतात, त्याला जाळ्यात एक पत्ता असतो. पण त्याच्या पोटात एका वेळी अनेक प्रोग्राम कामाला बसलेले असतात. कोणता निरोप कोणत्या प्रोग्रामसाठी आहे हे कळावे म्हणून प्रत्येक निरोपावर पत्त्याबरोबर खिडकीचा नंबरही लिहिलेला असतो. तो नंबर म्हणजे पोर्ट.

दोन गोष्टी एवढ्यातच ध्यानात घ्याव्यात. एका खिडकीवर एका वेळी एकच प्रोग्राम बसू शकतो. दुसरा बसायला गेला तर त्याला 'जागा आधीच घेतलेली आहे' असे उत्तर मिळते आणि तो बसत नाही. आणि खिडकीवर कोणीच बसलेले नसेल तर आलेला निरोप तसाच परत जातो. त्या पहाटे काट्याच्या केबिनमध्ये जे दिसत होते ते हेच. केबिनमधला संगणक निरोप पाठवत होता, निरोप परत येत होता.

आपले ऊस विभागाचे काम ज्यावर चालते ते 'वेब ॲप्लिकेशन' आहे. म्हणजे मूळ प्रोग्राम सर्व्हरवर एकाच ठिकाणी चालतो आणि गेट, काटा, शेतकी ऑफिस, गट ऑफिस येथील संगणकांवर तो ब्राउझरमध्ये उघडतो, जसे आपण मोबाईलवर हवामानाचे पान उघडतो तसे. ऊस नोंद, तोडणीचा प्रोग्राम, गाडीचे भरलेले वजन, रिकामे वजन, सगळे त्याच एका खिडकीतून आत जाते. ती खिडकी बंद, तर सगळे बंद.

आता या नंबरांची व्यवस्था कोणी लावली ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ होता आणि खडी फोडायच्या कामावर माणसे जात होती, त्या साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन पोस्टेल नावाचा एक तरुण संगणकांच्या पहिल्या जाळ्यावर काम करत होता. कोणी कोणताही नंबर वापरू लागला तर गोंधळ माजेल, तेव्हा नंबर वाटून देणारा कोणीतरी एक माणूस असावा, अशी सूचना त्याने त्या वर्षी लेखी मांडली, आणि तो माणूस मीच होऊ का, असेही अर्ध्या थट्टेने सुचवले. पुढे खरोखरच तो झाला. १९९८ साली निधन होईपर्यंत या याद्यांचे काम त्याच्याकडे राहिले. आज ते काम 'आयाना' ही संस्था पाहते. पूर्वी यादी छापील पत्रकासारखी अधूनमधून प्रसिद्ध होई, आता ती कायम पाहता येते. आपल्या गावात पूर्वी एखादे तात्या असत, ज्यांना कोणाचा बांध कुठे आणि कोणाची पाण्याची पाळी कधी हे तोंडपाठ असे. तसाच हा प्रकार.

त्या काळी मागेल त्याला नंबर मिळे. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू यलोनेन या संशोधकाने दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याचा प्रोग्राम लिहिला. जुने दोन प्रोग्राम २१ आणि २३ या नंबरांवर होते. मधला २२ मोकळा दिसला, त्याने पत्र टाकून मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळालासुद्धा. आज जगभरचे सर्व्हर त्याच २२ वर सांभाळले जातात. आता एवढ्या सहज नंबर मिळत नाही, आणि आपल्यासारख्या कारखान्याला मागण्याचे कारणही नाही. आपल्याला निवडायचा असतो.

निवडायचा कोठून? खिडक्या आहेत एकूण ६५,५३५. पोर्टाचा नंबर सोळा अंकी द्विमान संख्येत मावला पाहिजे, म्हणून ही मर्यादा. शून्य नंबर वापरत नाहीत. २०११ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे त्यांचे तीन पट्टे आहेत. १०२३ पर्यंतचे नंबर प्रसिद्ध कामांसाठी राखून ठेवलेले. वेबपानांसाठी ८०, कुलूपबंद वेबपानांसाठी ४४३, टपालासाठी २५, असे. लिनक्ससारख्या प्रणालीवर या पट्ट्यातल्या खिडकीवर बसायला मालकाची परवानगी लागते, साध्या प्रोग्रामला बसता येत नाही. १०२४ पासून ४९,१५१ पर्यंतचा पट्टा नोंदणीचा. म्हणजे ज्यांनी अर्ज करून नाव लावले त्यांचे नाव यादीत आहे. पण यादीत नाव आहे म्हणून दुसऱ्याने तेथे बसूच नये असा पोलीस कोठे उभा नाही. आणि ४९,१५२ पासून शेवटापर्यंतचा पट्टा कोणालाच नेमून दिलेला नाही. त्याला दोन नावे आहेत. एक 'खासगी' आणि दुसरे 'बदलते'.

आमच्या मते सगळे पाणी मुरते ते या दोन नावांत. 'खासगी' हे नाव वाचले की कोणालाही वाटते, ही आपली जागा, येथे कोणाची नोंद नाही, आपण खुशाल बसावे. आपले ॲप्लिकेशन ज्यांनी बसवून दिले त्या मंडळींनाही तसेच वाटले. त्यांनी ५०५०५ हा नंबर घेतला. लक्षात राहायला सोपा, फोनवर सांगायला सोपा, दुसऱ्या कोणत्या प्रोग्रामचा नाही. त्यांना मूर्ख म्हणण्याचे कारण नाही, पुष्कळ ठिकाणी असेच केले जाते. पण त्यांनी दुसरे नाव वाचले नाही.

दुसऱ्या नावाचा अर्थ यार्डावरून समजेल. गाडी यार्डात शिरली की तिला टोकन मिळते. टोकनाचा नंबर कायमचा नसतो. गाडी रिकामी होऊन बाहेर गेली की तो नंबर पुन्हा दुसऱ्या गाडीला. संगणकातही असेच टोकन चालते. सर्व्हरवरचा एखादा प्रोग्राम जेव्हा स्वतः होऊन बाहेर कोणाशी बोलायला जातो, तेव्हा त्याला उत्तर कोणत्या खिडकीवर यावे म्हणून प्रणाली तात्पुरता एक नंबर फाडून देते. बोलणे संपले की नंबर मोकळा. ही टोकनवही म्हणजेच तो बदलता पट्टा. विंडोजमध्ये सर्व्हर २००८ पासून ही वही ४९,१५२ ते ६५,५३५ अशी आहे, म्हणजे एकूण १६,३८४ पाने. त्याआधीच्या विंडोजमध्ये ती १०२५ ते ५००० होती. लिनक्सवर ती नेहमी ३२,७६८ पासून ६०,९९९ पर्यंत ठेवलेली असते, म्हणजे नोंदणीच्या पट्ट्यातही बरीच आत शिरलेली.

कायमच्या खिडकीवर टोकनवहीतलाच नंबर रंगवला तर काय होईल? बहुतेक दिवस काहीच होणार नाही. आपला प्रोग्राम ५०५०५ वर बसलेला असेपर्यंत प्रणाली तो नंबर दुसऱ्याला देत नाही. म्हणूनच दोन हंगाम एकही तक्रार आली नाही. प्रश्न येतो तो आपला प्रोग्राम खिडकीवरून क्षणभर उठला तर.

त्या पहाटे साडेतीनच्या सुमारास वीज गेली. सर्व्हरच्या बॅटरीने दम धरला नाही. वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला. सुरू होताना विंडोज आधी आपली कामे उरकते, मग एकेक प्रोग्राम उठतो. आपले ॲप्लिकेशन माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, तयार होईपर्यंत थांबते, म्हणजे सर्वांच्या शेवटी उठते. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रामला बाहेर बोलायचे होते. त्याने टोकन मागितले आणि सोळा हजार पानांतून जे पान फाटले त्याच्यावर नंबर होता ५०५०५. आपले ॲप्लिकेशन उठून खिडकीवर आले, बघते तो तेथे दुसराच बसलेला. ते गप्प बंद पडले.

रात्रपाळीच्या मुलाने ते पाच-सहा वेळा पुन्हा सुरू करून पाहिले. पडद्यावर 'हा पत्ता आधीच वापरात आहे' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य येत होते. त्याला वाटले, दोन संगणकांना एकच पत्ता पडला आहे, म्हणून तो बिचारा थंडीत टॉर्च घेऊन केबली तपासत गेट ऑफिसपर्यंत गेला. त्याला आम्ही दोष देत नाही. वाक्यातल्या 'पत्ता' या शब्दात खिडकीचा नंबरही येतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. इकडे काटा क्लार्कने हातपावत्या लिहायला सुरुवात केली. सकाळी विभागाचे साहेब आले, त्यांनी सर्व्हर संपूर्ण बंद करून चालू केला आणि सगळे सुरळीत झाले. टोकन दुसऱ्या नंबराचे फाटले, एवढाच फरक. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दोष विजेवर टाकला.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पण या वेळी दिवसाउजेडी, आणि साहेबांनी घाई न करता 'नेटस्टॅट' नावाची आज्ञा देऊन पाहिली. कोणत्या खिडकीवर कोणता प्रोग्राम बसला आहे याची यादी ती दाखवते. यादीत ५०५०५ समोर भलतेच नाव. पंधरा मिनिटांत निदान झाले. ही आज्ञा पहिल्याच पहाटे दिली असती तर दोन सभासदांच्या खेपांची अदलाबदल झाली नसती, हे आम्हांला येथे लिहिणे भाग आहे.

मग नवा नंबर निवडायला बसलो. नंबर निवडायला बैठक म्हटल्यावर आपणांस हसू येईल, पण बैठकीत जे निघाले ते ऐकण्यासारखे आहे.

पहिली सूचना ८०८० ची. ८० चा हा धाकटा भाऊ, वेबपानांसाठी पर्यायी नंबर म्हणून यादीत त्याची नोंदच आहे. पण सोयीचा म्हणून जगातला निम्मा माल कारखान्यातूनच ८०८० लावून येतो. टॉमकॅट हा प्रसिद्ध प्रोग्राम तोच धरून बसतो. आपल्याच सर्व्हरवर टाइम ऑफिसचे हजेरीचे ॲप्लिकेशन ८०८० वर आधीपासून आहे, हे तेव्हा कळले. तीच गत ३०००, ५०००, ८००० या गोल आकड्यांची. गोल आकडा सगळ्यांनाच आवडतो, म्हणून तो टाळावा.

एका अधिकाऱ्यांनी ६६६६ सुचवला. वाहनांना असे नंबर पैसे मोजून घेतात, आपल्याला फुकट मिळतो आहे, असे ते म्हणाले. लावून पाहिला. सर्व्हरवर प्रोग्राम व्यवस्थित बसला, पण ब्राउझर तेथे जाईचना. क्रोमने सरळ सांगितले की हे पोर्ट असुरक्षित आहे. कारण असे की काही नंबरांवर वेबपानाखेरीज दुसरीच कामे चालतात. ६६६५ ते ६६६९ वर पूर्वापार गप्पांचे एक जुने जाळे चालते. एखाद्या लबाड वेबपानाने आपल्या ब्राउझरकरवी त्या खिडक्यांवर भलतेच निरोप टाकू नयेत म्हणून ब्राउझर करणाऱ्यांनी अशा नंबरांची काळी यादीच केली आहे. ही यादी वाढतेही. १००८० हा नंबर पुष्कळ जण वापरत असत, २०२१ मध्ये तो यादीत गेला आणि जेथे जेथे तो होता तेथली पाने उघडेनाशी झाली. म्हणून नंबर ठरवण्यापूर्वी ही यादी पाहावी.

डेटाबेसचे नंबर तर सोडूनच द्यायचे. १४३३, १५२१, ३३०६, ५४३२ ही त्यांची वतनाची घरे आहेत. आज तो डेटाबेस आपल्याकडे नसला तरी उद्या येईल.

अशी चाळणी लावत गेल्यावर जे उरते ते सांगतो. १०२४ च्या वर, म्हणजे राखीव पट्टा सुटला. ३२,७६८ च्या खाली, म्हणजे उद्या सर्व्हर विंडोजचा असो की लिनक्सचा, टोकनवहीशी गाठ नाही. त्यातही १०२४ ते ५००० हा भाग दाट वस्तीचा, तो सोडला. आयानाच्या यादीत ज्याच्यासमोर नाव नाही, ब्राउझरच्या काळ्या यादीत जो नाही, गोल नाही, आणि आपल्या कोणत्याही संगणकावर जो आज वापरात नाही, असा नंबर दहा हजारांच्या पुढे शोधला तर हवे तेवढे मिळतात. तसा एक घेतला. तो येथे छापण्यात काही धोका नाही, पण उपयोगही नाही, कारण आता तो कोणालाच टाइप करावा लागत नाही. ते कसे, ते पुढे येते.

बैठकीत एक दुसरीच जुनी तक्रार निघाली. शेतकी ऑफिसातल्या क्लार्कताईंचे म्हणणे होते की त्या ऊस नोंदीत लॉग-इन करून बसल्या आणि खताच्या वाटपासाठी भांडाराचे ॲप्लिकेशन उघडले की ऊस नोंद त्यांना बाहेर काढते. परत ऊस नोंदीत गेल्या की भांडार बाहेर काढते. वर्षभर त्यांना 'पासवर्ड नीट टाकत नाही' असे सुनावण्यात आले. दोष त्यांचा नव्हताच. आपण लॉग-इन केले की सर्व्हर ब्राउझरजवळ एक छोटी चिठ्ठी ठेवायला देतो, तिला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक निरोपाबरोबर ब्राउझर ती दाखवतो. गंमत अशी की ही चिठ्ठी ठेवताना ब्राउझर फक्त पत्ता पाहतो, खिडकीचा नंबर पाहत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कुकीच्या नियमांत हे स्पष्ट लिहिले आहे. आपली दोन्ही ॲप्लिकेशने एकाच सर्व्हरवर, एकाच कंपनीने केलेली, दोघांच्या चिठ्ठीचे नावही एकच. मग एकाची चिठ्ठी ठेवली की दुसऱ्याची पुसली जाणारच. ताईंची आम्ही येथे जाहीर क्षमा मागतो.

यावरून एक गोष्ट निघाली, आणि आमच्या मते या सगळ्या उठाठेवीतली तीच महत्त्वाची. माणसांनी नंबर वापरूच नये. माणसांना नावे द्यावीत, नंबर यंत्रांकडे ठेवावेत. १९९७ पासून वेबच्या भाषेत अशी सोय आहे की ब्राउझर निरोपाबरोबर कोणत्या नावाकडे जायचे तेही सांगतो. म्हणजे एकाच खिडकीवर एक जाणता माणूस बसवला तर तो नाव ऐकून योग्य टेबलाकडे पाठवू शकतो. जुन्या वाड्यात देवडीवर जो माणूस असे, कोण आले ते विचारून आत निरोप देणारा, तसा. आपण तेच केले आहे. सर्व्हरच्या तोंडाशी एक देवडीवाला प्रोग्राम बसवला, त्याला ४४३ ही कुलूपबंद वेबची नेहमीची खिडकी दिली. ऊस विभागाला एक नाव, भांडाराला दुसरे, हजेरीला तिसरे. ब्राउझर ४४३ हा नंबर आपणहून धरतो, तो लिहावा लागत नाही. आत प्रत्येक ॲप्लिकेशन आपापल्या नव्या नंबरावर बसलेले आहे, पण त्या आतल्या खिडक्या फक्त सर्व्हरच्या पोटात उघडतात, बाहेरच्या संगणकाला दिसतच नाहीत. नावे वेगळी झाल्याने चिठ्ठ्यांची मारामारीही संपली.

४४३ घेण्याचे आणखी एक कारण आहे. आधीच्या नंबरावर सगळे उघड्यावर चाले. कारखान्याच्या आवारातील वायफायवर बसलेला कोणीही जाणकार माणूस जाणारे-येणारे निरोप, पासवर्डसुद्धा, वाचू शकला असता. आतल्या कामाला कुलूप कशाला, असे काही जण म्हणाले. आमचे म्हणणे, गोदाम कंपाउंडच्या आतच असते, तरी त्याला आपण कुलूप लावतोच की. कुलपासाठी प्रमाणपत्र लागते, त्याची मुदत असते आणि ते वेळेवर नवे करावे लागते. मुदत संपली तर ब्राउझर इशारा देऊन पान अडवतो. ती तारीख आता संगणक विभागाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे.

आता जो विषय सभासदांत जास्त बोलला जातो त्याकडे वळतो. "दुसऱ्या कारखान्याचं वजन मोबाईलवर दिसतं, आमचं का नाही?" असे आम्हांला गावोगाव विचारले गेले. ॲप्लिकेशनवाल्या मंडळींनी त्यावर एक सोपा उपाय सुचवलाही होता. इंटरनेटच्या राऊटरवर ५०५०५ बाहेरून उघडायचा, म्हणजे घरबसल्या सगळे पाहता येईल. असा आडनिडा नंबर कोणाला सापडतोय, असे त्यांचे म्हणणे. संचालक मंडळाने ते नाकारले आणि आमच्या मते योग्य केले. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रोग्राम तयार केला. तो एका साध्या संगणकावरून, चांगली वेगवान जोडणी असेल तर, सगळ्या जगाच्या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांवर एखादी खिडकी उघडी आहे का, ते पाऊण तासाच्या आत पाहून येतो. असे प्रोग्राम आज कोणालाही मिळतात आणि रात्रंदिवस दारे ठोठावत फिरतात. आडबाजूची खिडकी म्हणजे लपलेली खिडकी नव्हे. आणि त्या खिडकीच्या आत काय आहे? आपले बँक खाते नंबर, उसाची नोंद, वजन दुरुस्त करण्याची सोय. एखाद्याने आत शिरून सगळ्या नोंदी कुलूपबंद करून खंडणी मागितली तर बिले कशाच्या आधारावर काढणार? ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. नोंदीच हाताशी नसतील तर ते कसे जमणार?

म्हणून दोन वेगळ्या वाटा केल्या. गट ऑफिसचे संगणक बाहेर असले तरी ते एका खासगी बंद नळीतून, म्हणजे व्हीपीएनमधून, आत येतात. पाटाचे उघडे पाणी आणि पाइपलाइनचे पाणी यांतला जो फरक तोच येथे. आणि सभासदांसाठी वजनाचा संदेश मोबाईलवर पाठवायचा. तो आतून बाहेर जातो, बाहेरून कोणाला आत येऊ देत नाही. ज्यांना सगळ्या खेपा एकत्र पाहायच्या आहेत त्यांच्यासाठी फक्त वाचता येईल अशी नोंदींची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याचे काम सुरू आहे. त्याला वेळ लागतो आहे हे आम्हांला मान्य आहे.

शेवटी एक साधी वही. संगणक विभागात आता एक बांधीव रजिस्टर ठेवले आहे, डेडस्टॉक रजिस्टरसारखे. कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या नंबरावर, कोणता प्रोग्राम, कोणी, कोणत्या तारखेस बसवला, आणि वॉचमन प्रोग्रामने, म्हणजे फायरवॉलने, तो कोणासाठी उघडला आहे, हे शाईने लिहायचे आणि विभागप्रमुखांनी सही करायची. बाहेरच्या कोणत्याही कंपनीने नवे काही बसवले तर रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय त्यांचे बिल निघणार नाही, असे परिपत्रक निघाले आहे. पहिल्या पानावर नोंदी करताना कोणालाच माहीत नसलेले दोन जुने प्रोग्राम सापडले. एक बंद केला, दुसऱ्याचा मालक शोधणे चालू आहे.

सर्व्हरची बॅटरी बदलली आहे. रात्रपाळीच्या मुलांना नेटस्टॅट शिकवले आहे आणि त्याचा कागद लॅमिनेट करून टेबलावर चिकटवला आहे. हातपावत्यांसाठी काट्याच्या केबिनमध्ये आता नंबर छापलेली, तीन प्रतींची पुस्तके ठेवली आहेत. एक प्रत गाडीवानाला, एक शेतकी ऑफिसला, एक पुस्तकात. त्या पहाटेच्या सर्व हातपावत्या संगणकातील नोंदींशी ताडून शेतकी ऑफिसात फायलीला लावल्या आहेत. त्या दिवशी ज्यांचा ऊस आला होता त्यांनी आपली बिलाची पट्टी घेऊन यावे आणि पावती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. ऑफिसची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच, साप्ताहिक सुट्टी सोडून.